मालनची पाठमोरी माणसं

गडमुडशिंगीच्या ज्ञानूच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. ज्ञानू गोठ्यातून बोलला की ओढ्यापलीकडच्या रानात ऐकू जाई, आणि त्याची बायको तानाबाई चुलीपुढून जे उत्तर देई ते त्याच्याही पलीकडे. थोरली दोन पोरं बापावर गेलेली. म्हशीसुद्धा हंबरण्यात कुणाला हार जात नसत. अशा घरात मालन जन्माला आली आणि तिच्या वाट्याला बोलायला जागाच उरली नाही. ती मुकी नव्हती. विचारलं तर सांगे. पण विचारून उत्तरासाठी थांबेल असं त्या घरात कुणी नव्हतं. "मालन, जेवलीस का? जेवली आसंल," असं ज्ञानू एका दमात म्हणे आणि पुढच्या कामाला लागे.

एकाहत्तर साली ती सातवी पास झाली. पुढच्या शाळेसाठी कोल्हापूर गाठायला हवं होतं. तानाबाईच्या मते पोरगी आता घरात कामाला बरी होती. ज्ञानूनं तिसराच विचार केला. तो रोज पहाटे सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून राजारामपुरीत रतीब घालायला जायचा. "चार किटल्या न्हेतोय, त्यात ही पाचवी," तो म्हणाला. "वजन काय लई न्हाय." मुलीच्या शिक्षणाचा निर्णय एवढ्यावर झाला. मालनला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती.

कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या, मध्ये घडी घातलेलं पोतं, पोत्यावर मालन, मांडीवर दप्तर, आणि डोळ्यांपुढे तात्यांची, म्हणजे बापाची, पाठ. ज्ञानू तरुणपणी कुस्त्या खेळलेला. तालीम सुटली, दुधाचा धंदा लागला, तरी पाठ तशीच राहिली, दाराच्या फळीसारखी रुंद. तिच्या पलीकडचं मालनला काही दिसत नसे. कोल्हापूर तिला दोन्ही बाजूंनी दिसलं, समोरून कधीच नाही.

मग ती पाठच बघू लागली. चढ आला की खांदे वर येत. एखाद्या बाईनं "दूध आज पातळ वाटतंय हो" म्हटलं की मानेवरची शीर ताठ होई आणि पुढच्या दोन गल्ल्या ताठच राही. खुशीत असला की डावा खांदा उगीच हले. तोंडानं ज्ञानू वाटेतल्या प्रत्येकाशी एकाच पट्टीत ओरडून बोले, त्यावरून काही कळायची सोय नव्हती. पाठ मात्र खरं सांगे. चौदाव्या वर्षापर्यंत मालनचा माणसांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या पाठीवर जास्त विश्वास बसला होता.

शाळा मुलींची, सकाळची. तिथे चित्रकलेला श्यामलाबाई होत्या. त्या मूळच्या नाशिकच्या, लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या. इथल्या मुली "मी येतो", "मी जातो" असं म्हणतात हे कुणी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, वर्ग आपली फिरकी घेतोय. मग त्यांनी सगळ्यांना सुधारायचं मनावर घेतलं.

"बाई, मी पाणी पिऊन येतो," एक मुलगी म्हणाली.

"येते," बाई म्हणाल्या.

"तुमीबी येताय व्हय? चला की."

त्यानंतर बाईंनी तो नाद हळूहळू सोडला. वर्ष संपायच्या आत त्या स्वतःच स्टाफरूममध्ये "मी जरा जाऊन येतो" म्हणून गेल्या आणि त्यांचं त्यांना कळलंही नाही.

त्यांच्या तासाला टेबलावर एक बादली असायची, बादलीवर पंचा, शेजारी दोन वांगी. ग्रेडच्या परीक्षेत असलंच काहीतरी येतं म्हणून वर्षभर तेच. वांगी सुकली की शिपाई नवी आणून ठेवी. मुलींना ती बादली इतकी पाठ झाली होती की ती समोर नसली तरी चाललं असतं. एक दिवस तसंच झालं. शिपाई रजेवर गेला आणि बादली कपाटात कुलपात राहिली.

"आज मनातलं काढा," बाई म्हणाल्या.

पहिल्या बाकावर मीनाक्षी नावाची वकिलांची मुलगी बसायची. दोन लांब वेण्या, पहिला नंबर. तिनं हात वर केला. "बाई, मनातलं परीक्षेला येतं का?"

"नाही."

"मग कशासाठी काढायचं?"

"बादली कुलपात आहे म्हणून," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत.

तासाच्या शेवटी बाई कागद बघत फिरल्या. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, झोपडीवर वाकलेला नारळ. दुसऱ्या बाकावर तेच. तिसऱ्या बाकावरही तेच, फक्त सूर्याला डोळे होते. सगळ्या वर्गाच्या मनात एकच झोपडी कशी काय, असं बाईंनी विचारलं. झोपडीत राहणारी वर्गात कुणी नव्हती. नारळ एकीच्या मामाच्या दारात होता, आणि मामा रत्नागिरीला होता.

शेवटच्या बाकावर मालन बसलेली. तिच्या कागदावर एक पाठ होती. सदऱ्याची शिवण, मानेवरची घामाची रेघ, वर चढलेले खांदे. बाकी कागद कोरा.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"तात्या."

"तोंड कुठं आहे?"

"फुडं हाय की."

आणि बाईंनी कागद उलटून बघितला. पुढे बरीच वर्षं ही गोष्ट सांगताना त्या हा भाग गाळत, पण मीनाक्षीनं ते पाहिलं होतं आणि ती कुणाला गाळू देत नसे.

बाई कागद हातात धरून उभ्या राहिल्या. "रागावलेत का गं?"

"न्हाय. दूध नासलं हुतं त्या दिवशीचं हाय. सगळ्या गिऱ्हाइकांस्नी सांगायचं हुतं."

बाईंनी पुन्हा खांद्यांकडे पाहिलं. आता त्यांनाही ते दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालनला जाड कागद दिला आणि सांगितलं, "तुला हवं ते काढ. बादली मी बघते."

मालन काढत सुटली. तिला जी माणसं दिसत ती सगळी पाठमोरीच दिसत. फळ्यावर गणित लिहिणाऱ्या बाई, वाण्याच्या दुकानात फळीवरून डबा काढणारा वाणी, नळावर ओळीनं उभ्या राहिलेल्या बायका. शेवटच्या बाकावर बसणारीला वर्गातसुद्धा पाठीच दिसतात. तिनं मीनाक्षीची पाठ काढली. चित्र वर्गात फिरत फिरत मीनाक्षीकडे गेलं.

"माझी एक वेणी बारीक आहे?" मीनाक्षीनं विचारलं.

"उजवी," मालन म्हणाली.

मीनाक्षीनं दोन्ही वेण्या पुढे घेऊन मापल्या. खरंच होतं. ती घरी जाऊन आईशी भांडली, आणि आईनं कबूल केलं की लहानपणापासून तशीच घालते, उजवीकडे हात लवकर दुखतो. दुसऱ्या दिवशी मीनाक्षी दप्तर घेऊन शेवटच्या बाकावर आली. "तुझ्यापुढे मी बसत नाही," असं सांगून ती मालनच्या शेजारी बसली ती दहावीपर्यंत. मालनला मैत्रीण मिळाली ती अशी, भांडणातून, आणि पुढं दोघींच्या वाट्याचं बोलायचं काम मीनाक्षीनं एकटीनं केलं.

दहावीच्या वर्षी स्नेहसंमेलनाला श्यामलाबाईंनी चित्रांचं प्रदर्शन भरवलं. एका भिंतीवर बादल्या आणि वांगी लावली, दुसरीवर मालनची माणसं. लोक पहिल्या भिंतीवरून भराभर पुढे गेले आणि दुसऱ्या भिंतीशी अडकले. वाण्याला सगळ्यांनी धोतराच्या सोग्यावरून ओळखलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, अख्खी शाळा ज्यांना टरकून असे, त्या एका चित्रात ऑफिसच्या खिडकीशी एक हात कमरेवर दाबून पाठमोऱ्या उभ्या होत्या. चित्रातल्या बाई फार दमलेल्या दिसत होत्या. खऱ्या बाई त्यापुढे बराच वेळ थांबल्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "माझी साडी मागून इतकी चुरगळते?" पण त्या दिवशी शाळेतल्या आयाबाईंनी पाहिलं, की त्या खुर्चीवर बसून चहा प्यायल्या. एरवी त्या उभ्यानंच पीत.

प्रदर्शनातून निघताना बायका नकळत मागे हात नेऊन आपले अंबाडे चाचपत होत्या.

सगळ्यात मोठं चित्र ज्ञानूचं होतं. ते अर्ध्या तावावर काढलेलं. पांढऱ्या सदऱ्याची रुंद पाठ, आणि उजव्या खांद्यावर एक हिरवं ठिगळ. सदरा फाटला तेव्हा तानाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावला होता. चित्रात रंग म्हणावा असा तेवढाच, म्हणून मालननं तो फार मन लावून काढलेला. श्यामलाबाईंनी त्या हिरव्याची स्टाफरूममध्ये तारीफ केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतीब घालताना ज्ञानूला बातमी कळली. पाचव्या गल्लीतल्या बाई म्हणाल्या, "दूधवाले, तुमचं चित्र बघितलं शाळेत. लगेच ओळखलं हो." सातव्या गल्लीत आजोबा म्हणाले, "ठिगळासकट काढलंय पोरीनं."

"कसलं ठिगळ?" ज्ञानूनं विचारलं. आजोबांनी त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. ज्ञानूनं मान वळवली, पण माणसाला आपली पाठ दिसेल इतकी मान वळत नाही.

तो किटल्यांसकट शाळेत आला. किटल्या फाटकाशी ठेवल्या, पायताण काढलं आणि चित्रांच्या खोलीत शिरला. चित्रापुढे तो उभा राहिला आणि मागे उभ्या असलेल्या मुलींना दोन सारख्याच पाठी दिसल्या, एक भिंतीवर, एक भिंतीपुढे. कुणीतरी हसलं. श्यामलाबाई पुढे आल्या. मोठ्या बाईही आवाज ऐकून आल्या, कारण ज्ञानूनं बोलायला सुरुवात केली होती.

"बाई, चित्र चांगलं हाय. पर मला तोंड न्हाय व्हय?"

"आहे की," श्यामलाबाई म्हणाल्या.

"मग ते का काढलं न्हाय? हे बगा बाई, मी पैलवान माणूस. पैलवानाची पाठ कुणी बघितली म्हंजे संपलं. मी जलमभर सांभाळली, आन हिनं खिळं मारून भिताडाला लावली."

नाशिकच्या बाईंना यातलं काही कळलं नाही. मोठ्या बाईंनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "पाठ टेकली की कुस्ती हरली, असं असतं." श्यामलाबाई ओशाळल्या. "मग काढून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

ज्ञानूनं चित्राकडे पाहिलं. ते भिंतीवरून उतरवलेलं त्याला चालणार नव्हतं, हे त्याच्या डाव्या खांद्यावरून एकट्या मालनला कळलं. "काढू नगासा," तो म्हणाला. "शेजारी एक तोंडाचं लावा. लोकांस्नी कळू दे, फुडलं अंगबी हाय म्हणून."

"मालन, काढशील?"

"येत न्हाय मला," मालन म्हणाली.

"न येऊन सांगतीस कुणाला? वाण्याचं धोतर येतंय तुला," ज्ञानू म्हणाला.

"बघितलं न्हाय मी."

"काय बघितलं न्हाईस?"

"तुमचं तोंड."

मालननं एकदा बाईंकडे पाहिलं, आणि मग तोपर्यंतच्या आयुष्यातलं तिचं सगळ्यात लांब भाषण केलं. "सकाळी अंधार असतोय. मग सायकलवर पाठ असतीया. सांजच्याला तुमी म्हशीकडं तोंड करून बसता. जेवताना ताटात बघता. मग झोपता, ते भिताडाकडं तोंड करून. मी कवा बघू?"

ज्ञानूनं पुन्हा एकदा मान वळवून खांद्याकडे बघायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "ठिगळ कवापास्नं हाय?"

"दिवाळीपास्नं."

"दिवाळीपास्नं मी ह्यो असा फिरतोय," तो म्हणाला आणि किटल्या घेऊन निघाला.

त्या दुपारी परतताना त्यानं खांद्यावर टॉवेल टाकला होता. ताठ बसून सायकल मारत होता, फोटोला बसल्यासारखा. आपल्या पाठीकडे कुणी बघतंय हे कळल्यावर माणसाला तिचं काय करावं ते सुचत नाही. दर थोड्या वेळानं तो मागे वळून मालनकडे बघे. उचगावच्या अलीकडे असाच वळलेला असताना उसाच्या गाडीत शिरता शिरता राहिला, आणि गाडीवानानं त्याला पावणं म्हणून जे काही ऐकवलं ते त्यानं निमूट ऐकून घेतलं.

रविवारी ज्ञानू न्हाव्याकडे जाऊन आला. मेव्हण्याच्या लग्नातला कोट पेटीतून निघाला, फेट्याला खळ झाली, आणि तो अंगणात पाटावर गुडघ्यावर हात ठेवून बसला. श्वास धरून ठेवला. शेजारपाजारची माणसं जमली. तानाबाई दारातून म्हणाली, "आसं डोळं वटारून बसलासा तर पोरगी भ्यायची." त्यानं डोळे बारीक केले. "आता झोपल्यागत दिसाय लागलासा." मालननं फेटा काढला. फेटा झकास झाला. त्याच्या खाली काही सुचेना. तिनं बापाकडे पाहिलं की बाप आभाळाकडे बघे, आणि तिनं कागदाकडे पाहिलं की हळूच तिच्याकडे. दुपारपर्यंत नुसता फेटाच झाला होता. पुढच्या रविवारीही तसंच. गावात बातमी झाली की ज्ञानूची पोरगी फेट्याचं चित्र काढतीय.

मालननं कागद गुंडाळून ठेवला. संध्याकाळी ज्ञानू कोट काढून म्हशीखाली बसला, डोकं तिच्या पोटाला टेकवलं आणि धार काढायला लागला. मालन नेहमी त्याच्या मागच्या दारातून वैरण घेऊन यायची. त्या दिवशी ती वळसा घालून म्हशीच्या पलीकडे गेली आणि खाली बसली. तिथून म्हशीच्या पोटाखालून तात्यांचं तोंड दिसत होतं. डोळे मिटलेले. कपाळ म्हशीच्या अंगाला लागलेलं. मोडलेला, गोळा झालेला पैलवानी कान. भुवईवर एक जुनी खूण. तोंड मिटलेलं असलं की ते इतकं साधं दिसतं, हे तिला माहीत नव्हतं.

तिनं कागद मांडीवर घेतला. ज्ञानूनं डोळे उघडले, पण आता मध्ये म्हैस होती, त्यामुळे त्याला अवघड वाटलं नाही. रोज संध्याकाळी ती तिथं बसू लागली.

एकदा तिनं विचारलं, "भुवईवरची खूण कशाची?"

"कुस्तीतली."

ती काढत राहिली. घरात पहिल्यांदाच कुणीतरी ज्ञानूला विचारून पुढे गप्प बसलं होतं, आणि ते त्याला सोसेना.

"कुस्तीतली म्हंजे," तो म्हणाला, "कुस्तीच्या दिवशीची. नेसरीला गेलतो जत्रंला. लई मोठं बोलून गेलतो. तितल्या एका काटकुळ्या पोरानं धरलं आन मला कळायच्या आत आभाळ दिसलं. पाठ टेकली माझी. हितं येऊन सांगितलं, बरोबरीत सुटली. खूण कुस्तीची न्हाय. ज्यांच्या घरी उतरलतो त्यांच्या दाराची चौकट लागली. मान खाली घालून बाहेर पडत हुतो."

ज्ञानू म्हणाला, "तुझ्या आईला सांगू नगंस." हे त्यानं हळू आवाजात सांगितलं, म्हणजे ते फक्त घरात ऐकू गेलं.

"मला ठाव हाय," तानाबाई आतून म्हणाली. "माझं म्हायार नेसरीचं हाय, इसरलासा काय? त्यो पोरगा माझा मावसभाऊ."

धार थांबली. म्हशीनं मान वळवून बघितलं. "मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?" ज्ञानूनं विचारलं.

"तुमी सांगायची वाट बघत हुतो," तानाबाई म्हणाली, आणि तिनं भाकरी थापायला घेतली. ज्या घरात कुठलीच गोष्ट पोटात राहत नसे त्या घरात तिनं ही एक एवढी वर्षं ठेवली होती. ज्ञानू बराच वेळ म्हशीच्या पोटाला डोकं लावून तसाच बसला. मालननं तेव्हा त्याच्या तोंडावर जे पाहिलं तेच तिच्या चित्रात उतरलं.

चित्र फार सुबक नव्हतं. कान जरा मोठा झाला, आणि म्हशीचा एक पाय कुठून आला ते कळत नव्हतं. ज्ञानूनं कागद लांब धरला, जवळ धरला.

"म्हस चांगली आलीया," तो म्हणाला. "तोंड माझं हाय व्हय हे?"

"तुमचंच हाय," तानाबाई म्हणाली. "तुमी कवा बघितलंय ते."

श्यामलाबाईंनी ते चित्र पाठीच्या चित्राशेजारी लावलं. संमेलन केव्हाच संपलं होतं, त्यामुळे बघायला फक्त मुली आणि मोठ्या बाई. ज्ञानू रतीब झाल्यावर कधीमधी शाळेत डोकावे, दोन्ही चित्रांकडे बघे आणि पाठीचंच बरं आलंय असं सांगून जाई. ठिगळ काढून टाकायला मात्र त्यानं तानाबाईला कधीच सांगितलं नाही.

ग्रेडच्या परीक्षेत स्मरणचित्राला "बाजार" विषय आला. मालननं गिऱ्हाइकं सगळी पाठमोरी काढली आणि भाजीवाल्या बाया तेवढ्या समोरून, कारण बाजारात तसंच दिसतं. तिला पास एवढाच शेरा मिळाला. श्यामलाबाई परीक्षकांवर दोन दिवस चिडून होत्या. मालनला त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. वांगी तिची कधीच नीट आली नव्हती. शाळेचं शेवटचं वर्ष तिनं गणितात एकदा आपटून दुसऱ्या खेपेला पार केलं, मीनाक्षीच्या शिकवणीवर.

मग स्थळं आली. मुलगी बघायला येणारी माणसं तिला म्हणत, वर बघ. ती डोळे उचलल्यासारखं करी. ज्ञानू तिच्या वतीनं सगळी उत्तरं देई, अगदी स्वयंपाक येतो का हेसुद्धा. वारणानगरच्या दूध संघात जोतीराम नावाचा मुलगा नोकरीला होता, तो आपल्या मामाबरोबर येऊन गेला. मंडळी गेल्यावर तानाबाईनं पहिल्यांदा लेकीला विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. मालन म्हणाली, "बरा हाय."

"तू तर वर बघितलंबी न्हाईस."

"जाताना बघितला. मामाला चप्पल सापडंना, तर त्यो खाली वाकून शोधत हुता. घाई न्हवती त्याच्या पाठीत."

ज्ञानूनं हे ऐकलं आणि जरा वेळानं स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला, "माझ्या पाठीत काय हाय कुणास ठाव." त्यावर मालन हसली.

वारणानगरच्या वसाहतीत तिचा संसार नीट लागला. जोतीराम शांत माणूस निघाला. दोघं इतकं कमी बोलत की शेजारणीला वाटे घरात कुणी नाही, आणि ती न वाजवता आत येई. चित्रं कमी झाली. काही वर्षांनी तिनं रविवारी वसाहतीतल्या पोरांना आपल्या व्हरांड्यात बसवून कागद वाटायला सुरुवात केली. एका पोरानं कारखान्याच्या भोंग्याला तोंड काढलं, एकीनं नुसताच काळा कागद आणला आणि हा माझा धाकटा भाऊ आहे म्हणून सांगितलं. मालननं तिला का म्हणून विचारलं, आणि मुलगी सांगेपर्यंत हातातलं काम ठेवून बसून राहिली.

त्र्याऐंशीच्या दिवाळीला ती माहेरी आली होती. तानाबाई करंज्या करत बसली होती. "बापाचं मागनं काढलंस, फुडनं काढलंस," ती म्हणाली. "वाण्याचं काढलंस, मास्तरणींचं काढलंस. माझं कवा काढणार हाईस?"

मालननं पेन्सिल घेतली आणि समोर बसली. सरळ समोर.

"बस," ती म्हणाली.

"बसलोय की. काढ. पर नाक माझं बारीक काढ, तुझ्या आज्जीगत नगं. तिचं बघितलंस न्हवं, केवढं. आन ह्यो करंजीचा घाणा करपतोय, जरा थांब. काढ तू, काढ. जोतीरामला करंज्या आवडत्यात का? आवडत आसतील."

"आई, जरा तोंड मीट की."

"का?"

"ओठ काढतोय मी."

तानाबाईनं तोंड मिटलं. एवढ्यात गोठ्यातून ज्ञानूनं हाक मारून काहीतरी विचारलं, आणि ती उत्तर द्यायला लागली. मालननं पेन्सिल बाजूला ठेवली, आणि आई बोलत असताना तिची करपायला लागलेली करंजी झाऱ्यानं उलटली.